जंतूलाच विचारावे लागते : परम्याच्या रोगजंतूवरील औषधांची प्रयोगशाळेतील परीक्षा



शाळेच्या व्यासपीठावरून गुप्तरोगांविषयी बोलावे की नाही, असा प्रश्न काहींच्या मनात येणे स्वाभाविक आहे. तरीही हा विषय सुचविला तेव्हा संस्थेने तो संकोच न करता स्वीकारला, याबद्दल मी प्रारंभीच आभार मानतो. ज्या गुरुजनांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आपल्याला एक गोष्ट शिकविली : कोणतेही विधान मान्य करण्यापूर्वी ते तपासून पाहावे. आजचा विषय त्या शिकवणुकीचाच एक विस्तार आहे. एखादे औषध एखाद्या रोगजंतूला मारते, हे एक विधान आहे. ते काल खरे होते, म्हणून आजही खरे असेलच असे नाही. ते पुनःपुन्हा तपासावे लागते, आणि ही तपासणी शेवटी त्या जंतूलाच विचारून करावी लागते. हे विचारणे प्रयोगशाळेत कसे घडते आणि ते थांबले तर काय ओढवते, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

उदाहरणादाखल मी एकच रोग घेतो. त्याला आपल्याकडे परमा म्हणतात, तर वैद्यकीय मराठीत पूयप्रमेह. त्याचा जंतू ब्रेस्लाउ येथील आल्बेर्ट नाइसर यांनी १८७९ मध्ये शोधला. त्यांच्याच नावावरून त्या जंतूच्या वंशाला नाइसेरिया म्हणतात, आणि या जंतूला गोनोकॉकस. सूक्ष्मदर्शकाखाली तो जोडीजोडीने दिसतो. कॉफीच्या दोन बिया सपाट बाजूंनी एकमेकींना टेकवून ठेवाव्यात, तशी ही जोडी असते.

रोग क्षुल्लक नाही

पुरुषाला हा रोग झाला की लघवीची जळजळ आणि पू यांमुळे तो बहुधा लवकर ध्यानात येतो. स्त्रीच्या बाबतीत मात्र पुष्कळदा कोणतेच ठळक लक्षण नसते. संसर्ग गर्भाशयातून बीजवाहिन्यांपर्यंत चढतो, त्या नलिका आतून चिकटतात आणि मूल होण्याची वाट बंद होते. कधी गर्भ नलिकेतच अडकून जिवावर बेतते. मूल होत नाही म्हणून ज्या सुनेला घराने बोल लावला, तिच्या दुःखाचे मूळ कधी नवऱ्याने बाहेरून आणलेल्या आणि कोणीच न तपासलेल्या संसर्गात असू शकते, हे आपल्या समाजाने फारसे लक्षात घेतलेले नाही.

बाधित मातेच्या बाळाला जन्मतःच डोळ्यांचा संसर्ग होतो आणि उपचार न झाल्यास अंधत्व येऊ शकते. लाइपझिगचे प्रसूतितज्ज्ञ कार्ल क्रेडे यांनी १८८० च्या सुमारास नवजात बाळाच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकण्याची पद्धत सुरू केली आणि असंख्य बालकांची दृष्टी वाचविली. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० या एका वर्षात जगातील प्रौढांमध्ये या रोगाचे सुमारे ८ कोटी २४ लाख नवे संसर्ग झाले. म्हणजे हा रोग इतिहासजमा झालेला नाही.

औषधांची लागोपाठ माघार

या रोगावर पहिले खरे प्रभावी औषध आले ते १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात : सल्फा औषधे. दशकभरातच ती निकामी ठरू लागली. १९४३ मध्ये पेनिसिलिन या रोगावर लागू पडते असे दिसले आणि वैद्यकविश्वाने सुटकेचा निःश्वास सोडला. प्रारंभी लाख-दोन लाख एककांत काम भागत असे. पुढे तीच मात्रा पुरेनाशी झाली. ती वाढवीत वाढवीत १९७० च्या दशकात ४८ लाख एककांपर्यंत न्यावी लागली, आणि शिवाय औषध शरीरात टिकावे म्हणून प्रोबेनेसिडची जोड द्यावी लागली. जंतू एका उडीत अजिंक्य झाला नाही. तो एकेक पायरी चढत गेला आणि प्रत्येक पायरीवर आपण मात्रा वाढवून त्याला गाठत राहिलो.

१९७६ मध्ये मात्र उडीच पडली. पेनिसिलिनचे रेणू तोडणारे विकर स्वतः बनविणारा गोनोकॉकस इंग्लंड आणि अमेरिकेत सापडला. त्याचा माग पश्चिम आफ्रिका आणि अतिपूर्वेकडे जात होता. अशा जंतूपुढे पेनिसिलिनची मात्रा कितीही वाढविली तरी व्यर्थ. १९८५ मध्ये टेट्रासायक्लिनलाही तशीच उच्च दर्जाची दाद न देणारे वाण आढळले. दक्षिण कोरियातील अमेरिकन सैनिकांसाठी १९८१ मध्ये स्पेक्टिनोमायसिन हे मुख्य औषध ठरविण्यात आले, तर १९८५ पर्यंत शेकडा आठांहून अधिक रुग्णांत ते अयशस्वी होऊ लागले. नंतर सिप्रोफ्लॉक्सॅसिनची गोळी आली. ती स्वस्त होती, सोयीची होती, आणि म्हणूनच भरमसाट वापरली गेली. आशियात तिचा प्रभाव आधी ओसरला. अमेरिकेने २००७ मध्ये परम्यासाठी तिची शिफारस मागे घेतली. २०१२ मध्ये तोंडाने घ्यावयाच्या सेफिक्झिमलाही तेथे पहिल्या पसंतीच्या स्थानावरून उतरविण्यात आले.

उरले सेफ्ट्रियाक्झोनचे इंजेक्शन. अमेरिकेत त्याची शिफारस केलेली मात्रा पूर्वी १२५ मिलिग्रॅम होती, २०१० मध्ये ती २५० झाली आणि २०२० मध्ये ५००. पेनिसिलिनची कहाणी ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या आकड्यांची चाल ओळखीची वाटेल.

परीक्षेची पूर्वतयारी

औषध चालते की नाही हे रुग्ण बरा होतो की नाही यावरून कळेलच, मग प्रयोगशाळा कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की रुग्ण पुन्हा येतोच असे नाही. लक्षणे कधी आपोआपही ओसरतात. पुन्हा लागण झाली की औषध फसले, हे नुसत्या सांगण्यावरून ठरत नाही. शिवाय औषध फसल्याचे रुग्णांवरून कळेपर्यंत प्रतिरोधी जंतू गावभर झालेला असतो. प्रयोगशाळा हे आधी सांगू शकते.

परंतु त्यासाठी जंतू जिवंत हाती लागला पाहिजे, आणि हा जंतू विलक्षण नाजूक आहे. माणसाच्या शरीराबाहेर त्याचा निभाव लागत नाही. तो कोरडा पडला तर मरतो, थंडी लागली तर मरतो. पुष्कळ नमुने शीतकपाटात ठेवले म्हणजे सुरक्षित राहतात. या जंतूच्या बाबतीत ती काळजीच घातक ठरते. नमुना घेण्याच्या साध्या कापसातील स्निग्धाम्लेसुद्धा त्याला मानवत नाहीत, म्हणून कृत्रिम धाग्याचा बोळा वापरतात. नमुना लगेच पोषक माध्यमावर लावणे उत्तम. ते शक्य नसेल तर कोळशाची पूड घातलेल्या वाहक माध्यमात ठेवून काही तासांतच प्रयोगशाळेत पोहोचवावा लागतो.

त्याच्या वाढीसाठी जे माध्यम वापरतात त्याला चॉकलेट अगार म्हणतात. त्यात चॉकलेट नसते. अगारमध्ये रक्त घालून तापविले की तांबड्या पेशी फुटतात, जंतूला हवे असलेले घटक मोकळे होतात आणि माध्यमाला तपकिरी रंग येतो. शरीराच्या ज्या भागातून नमुना येतो तेथे इतर अनेक जंतू नांदत असतात. ते माजू नयेत म्हणून थेयर आणि मार्टिन यांनी १९६० च्या दशकात त्या माध्यमात निवडक प्रतिजैविके मिसळली. ती इतरांना रोखतात आणि गोनोकॉकसला वाढू देतात.

एवढ्यानेही भागत नाही. या जंतूला कर्बवायूचे प्रमाण जास्त असलेली दमट हवा लागते. मोठ्या प्रयोगशाळेत त्यासाठी खास उबवणपेटी असते. जेथे ती नाही तेथे एक जुनी युक्ती आजही उपयोगी पडते. बश्या एका मोठ्या बरणीत रचावयाच्या, आत ओला कागद आणि बिनवासाची पांढरी मेणबत्ती पेटवून ठेवावयाची आणि झाकण घट्ट लावावयाचे. प्राणवायू कमी होताच मेणबत्ती विझते आणि आत सुमारे शेकडा तीन कर्बवायू साठतो. ही बरणी उबवणपेटीत ३५ ते ३७ अंश सेल्सियसला ठेवली की एक-दोन दिवसांत बारीक, चकचकीत वसाहती दिसू लागतात. मग रंजनक्रिया, ऑक्सिडेज चाचणी आणि इतर खुणा पाहून हा तोच जंतू असल्याची खात्री केली जाते.

टिकली, पट्टी आणि आकडा

आता प्रत्यक्ष परीक्षा. तिची सर्वांत सोपी रीत टिकल्यांची. ताज्या वाढीचे खारट पाण्यात ठराविक गढूळपणाचे मिश्रण करतात आणि ते बशीतील माध्यमावर सर्वत्र सारखे पसरतात. त्यावर औषधात भिजवून वाळविलेल्या कागदी टिकल्या ठेवतात. प्रत्येक टिकलीत औषधाचे प्रमाण ठरलेले असते : पेनिसिलिनचे १० एकक, सेफ्ट्रियाक्झोनचे ३० मायक्रोग्रॅम. रात्रभरात औषध टिकलीपासून दूर झिरपत जाते आणि जंतू वाढत जातो. दुसऱ्या दिवशी बशीवर पांढुरका थर दिसतो, आणि टिकलीभोवती मात्र स्वच्छ वर्तुळ. जंतू जेथवर औषधाला हरला, तेथवर ते वर्तुळ.

त्या वर्तुळाचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजतात. अमेरिकन मानकानुसार सेफ्ट्रियाक्झोनभोवती ३५ मिलिमीटर किंवा अधिक व्यास आला तर जंतू त्या औषधाला वश आहे. पेनिसिलिनभोवती ४७ किंवा अधिक असेल तर वश, २६ किंवा कमी असेल तर प्रतिरोधी. दोन्ही औषधांचे आकडे वेगळे का, असा प्रश्न पडेल. प्रत्येक औषध माध्यमात वेगळ्या गतीने पसरते. म्हणून एका औषधाचे मोठे वर्तुळ आणि दुसऱ्याचे लहान वर्तुळ यांवरून पहिले औषध अधिक गुणकारी, असा निष्कर्ष काढणे चूक होय. प्रत्येकाने आपल्याच मोजपट्टीवर उतरावयाचे असते.

टिकली उत्तर देते, पण ते ढोबळ असते. मघाशी सांगितलेले पायरीपायरीने चढणे तिच्यात लवकर दिसत नाही. त्यासाठी नेमका आकडा हवा. औषधाची किती कमी संहती जंतूची वाढ थांबविते, तो हा आकडा, म्हणजे किमान रोधक संहती. तो काढण्याची मूळ पद्धत कष्टाची आहे. बश्यांची एक मालिका करावयाची, प्रत्येक बशीत औषध आधीच्या बशीच्या दुप्पट आणि सर्वांवर तेच जंतू. ज्या पहिल्या बशीत वाढ दिसत नाही, तिच्यातील संहती हे उत्तर. याला सोपा पर्याय म्हणजे प्लास्टिकची पट्टी. तिच्यावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत औषध उतरत्या प्रमाणात लावलेले असते. बशीवर ठेवली की तिच्याभोवती लंबवर्तुळ उमटते आणि ते पट्टीला जेथे छेदते तेथील आकडा वाचावयाचा.

हा आकडा किती बोलका असतो, याचे एक उदाहरण देतो. युरोपीय मानकानुसार सेफ्ट्रियाक्झोनची मर्यादा दर मिलिलिटरला ०.१२५ मायक्रोग्रॅम. जपानमधील क्योटो येथे २००९ मध्ये एका स्त्रीच्या घशातून मिळालेल्या जंतूचा आकडा २ ते ४ भरला, म्हणजे मर्यादेच्या सोळा ते बत्तीस पट. हे वृत्त २०११ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा शेवटच्या भरवशाच्या औषधालाही तडा जाऊ शकतो हे जगाला प्रथम स्पष्टपणे कळले. २०१८ मध्ये ब्रिटनमध्ये असा जंतू सापडला की जो सेफ्ट्रियाक्झोन आणि अझिथ्रोमायसिन या दोन्हींना जुमानत नव्हता.

याखेरीज पेनिसिलिन तोडणारे विकर ओळखण्याची एक झटपट चाचणी आहे. नायट्रोसेफिन नावाच्या पिवळ्या द्रव्यावर वसाहत टेकविली आणि काही मिनिटांत रंग लालसर झाला, की विकर आहे.

या सर्व पद्धतींना एक पथ्य समान आहे. प्रत्येक खेपेस रुग्णाच्या जंतूबरोबर एक प्रमाण वाणही तपासावयाचा. त्याचे उत्तर आधीच ठाऊक असते. ते ठरलेल्या मर्यादेत आले तरच त्या दिवसाची बाकीची उत्तरे ग्राह्य. माध्यम शिळे झाले, टिकल्यांची डबी दमटली, उबवणपेटीचे तापमान घसरले, तर प्रमाण वाण ते उघडे पाडतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये अशा १४ प्रमाण वाणांचा संच उपलब्ध केला, त्यामुळे दिल्लीचा आकडा आणि लंडनचा आकडा एका मापाने तोलता येतो. वाण्याच्या तराजूची वजने तपासणारा निरीक्षक असतो, तसेच हे आहे.

शेकडा पाचाचा नियम

एका रुग्णाच्या बशीचे उत्तर त्या रुग्णाला उपयोगी पडतेच. पण त्याला औषध पहिल्या भेटीतच द्यावे लागते आणि उत्तर यावयास काही दिवस जातात. म्हणून या परीक्षेचा खरा मोठा उपयोग समूहासाठी आहे. जागतिक आरोग्य संघटनेचा संकेत असा की एखाद्या औषधाला दाद न देणारे जंतू शेकडा पाचांहून अधिक आढळले की ते औषध सरसकट देणे थांबवावे.

पाच टक्के ओळखण्यासाठी किती नमुने लागतात? समजा, एखाद्या शहरात खरोखरच शेकडा पाच जंतू प्रतिरोधी आहेत आणि प्रयोगशाळेने फक्त वीस जंतू तपासले. त्या विसांत एकही प्रतिरोधी न सापडण्याची शक्यता शेकडा ३६ इतकी मोठी असते. म्हणजे तीनांतून एका वेळेस तरी प्रयोगशाळा प्रामाणिकपणे, पण चुकीने, सर्व ठीक असल्याचे सांगेल. शंभर जंतू तपासले तर हीच शक्यता शेकडा एकाच्याही खाली जाते. म्हणूनच निदान शंभर जंतू तपासावेत असे सांगितले जाते. एकेका नमुन्याचे मोल या हिशेबावरून ध्यानात यावे.

आपल्या देशात या कामाचे शिखर केंद्र दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयात आहे. प्रादेशिक केंद्रांच्या जाळ्यात हैदराबादचे उस्मानिया, नागपूरचे शासकीय आणि आपल्या बडोद्याचे वैद्यकीय महाविद्यालय यांचा समावेश झाला, ही या गावच्या माजी विद्यार्थ्यांना ठाऊक असावी अशी गोष्ट आहे.

जिवंत जंतू दुर्मिळ होत आहे

येथे एक विरोधाभास निर्माण झाला आहे. प्रयोगशाळेच्या सोयी नसलेल्या ठिकाणी केवळ लक्षणे पाहून उपचार करण्याची पद्धत आली. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने त्यासाठी औषधांचे रंगीत संच तयार केले. स्राव होत असलेल्या रुग्णासाठी करड्या रंगाचा संच, त्यात सेफिक्झिम आणि अझिथ्रोमायसिन. या पद्धतीने असंख्य लोकांना पहिल्याच भेटीत औषध मिळाले, हे तिचे मोठेच श्रेय. पण रुग्ण औषध घेऊन गेला आणि नमुना मागे राहिला नाही, तर त्या औषधाचे काय चालले आहे ते कळावे कसे?

संपन्न देशांतही हीच अडचण वेगळ्या वाटेने आली. तेथे जनुकद्रव्य ओळखणाऱ्या चाचण्या आल्या. त्या जलद आहेत, लघवीच्या नमुन्यावर होतात, जंतू मेलेला असला तरी चालतो. निदानासाठी त्या उत्कृष्टच. परंतु मेलेल्या जंतूला औषधाची टिकली दाखविता येत नाही. सिप्रोफ्लॉक्सॅसिनसारख्या औषधाबाबत एका जनुकातील विशिष्ट बदल पाहून बऱ्यापैकी अचूक अनुमान करता येते. सेफ्ट्रियाक्झोनचा प्रतिरोध मात्र अनेक बदलांच्या संगनमताने घडतो, आणि उद्या येणारा नवा बदल आजच्या चाचणीला ठाऊकच नसतो. म्हणून संवर्धनाची जुनी विद्या टाकून देता येत नाही.

ज्या जंतूंना बशीवर वाढविता येत नाही, त्यांच्याविषयी आपण किती अंधारात असतो हे उपदंशावरून दिसते. त्याचा जंतू साध्या माध्यमावर वाढतच नाही. दीर्घकाळ तो सशांच्या शरीरात जोपासावा लागला आणि २०१८ मध्ये कोठे तो सशाच्या पेशींच्या संगतीत प्रयोगशाळेत सतत वाढविण्याची रीत प्रसिद्ध झाली. सुदैवाने १९४३ पासून आजतागायत पेनिसिलिन त्याच्यावर चालते. अझिथ्रोमायसिन मात्र फसू लागले, आणि ते बशीवरून नव्हे, सान फ्रान्सिस्कोतील बऱ्या न झालेल्या रुग्णांवरून कळले. रुग्णानेच चाचणीची बशी व्हावे, ही वेळ कोणावरही येऊ नये.

आपला वाटा

नवी औषधे येत आहेत. झोलिफ्लोडासिन आणि जेपोटिडासिन या तोंडाने घ्यावयाच्या दोन औषधांना डिसेंबर २०२५ मध्ये अमेरिकेत परम्यासाठी मान्यता मिळाली. ही आनंदाची वार्ता आहे. पण सल्फापासून सेफिक्झिमपर्यंत प्रत्येक औषधाचे स्वागत याच आनंदाने झाले होते. पेनिसिलिनचे जनक अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ च्या नोबेल व्याख्यानातच अपुऱ्या मात्रेने जंतू निर्ढावतात असा इशारा दिला होता. तो इशारा औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय दोन गोळ्या नेणाऱ्या प्रत्येकाला आजही लागू आहे.

यात वैद्यक न शिकलेल्या माणसाचा वाटा लहान नाही. त्रास होताच लपवू नये, मित्राच्या सल्ल्याने गोळ्या घेऊ नयेत, तज्ज्ञाने नमुना मागितला तर औषधापूर्वी तो द्यावा, आणि जोडीदाराचा उपचार टाळू नये. जे माजी विद्यार्थी वैद्यकीय व्यवसायात आहेत त्यांनी उपचार फसलेल्या रुग्णाला केवळ अधिक भारी औषध लिहून देण्यापूर्वी त्याचा नमुना संवर्धनासाठी पाठवावा. जे संस्थांच्या आणि नगरपालिकांच्या कारभारात आहेत त्यांनी इमारतीइतकाच विचार उबवणपेटीचा आणि ती चालविणाऱ्या तंत्रज्ञाच्या पगाराचाही करावा.

या सर्व साखळीतला सर्वांत कच्चा दुवा लाजेचा आहे. लाजेपायी रुग्ण येत नाही, नमुना मिळत नाही, शंभरांची मोजणी पुरी होत नाही, आणि निकामी झालेले औषध आपण निःशंक मनाने देत राहतो. त्याची किंमत बहुधा तिला मोजावी लागते, जिला आपण आजारी आहोत हेच ठाऊक नसते, किंवा त्या बाळाला, ज्याने अजून डोळेही उघडलेले नाहीत. हा जंतू कोणाची जात, प्रतिष्ठा वा चारित्र्य पाहत नाही. त्याच्याशी व्यवहार करताना आपणही ते पाहू नये आणि बशीवर उमटलेले वर्तुळ तेवढे नीट मोजावे.